क्युअरिंग लाइटचा उजेड मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या दवाखान्यातला मित्र भेटला की बोलणं फिरून दोन विषयांवर येतंच: कंप्रेसरचा आवाज आणि क्युअरिंग लाइट, म्हणजे दातातलं फिलिंग निळ्या उजेडाने घट्ट (क्युअर) करणारा दिवा. कंप्रेसरवर माझ्याकडे इलाज नाही. लाइटचं मात्र वेड लागलं, आणि गेली काही वर्षं मी उजेड मोजायचं मीटर (रेडिओमीटर) खिशात घालून स्वतःच्या आणि मित्रांच्या दवाखान्यांतले लाइट मोजत आलो आहे. त्या निमित्ताने तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहिले. बहुतेक उत्तरं दंतवैद्यांसाठी आहेत, एक-दोन पेशंटांनाही उपयोगी पडतील.

उजेड मोजायचा कशाला? निळा पेटतोय म्हणजे चालू आहे ना?

पेटतोय एवढंच कळतं. किती पेटतोय ते डोळ्यांना कळत नाही. उजेड निम्म्यावर आला तरी तो तेवढाच झगझगीत वाटतो, कारण डोळा तेजाशी जुळवून घेतो आणि निळ्या रंगाच्या बाबतीत तर तो मुळातच मंद आहे.

कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, घट्ट होतं ते त्यातल्या कॅम्फरक्विनोनमुळे. हे पिवळं द्रव्य ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा उजेड शोषतं, सोबतच्या अमाइनशी त्याची क्रिया होऊन फ्री रॅडिकल तयार होतात आणि रेझिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात. उजेड कमी पडला की ही जोडणी अर्धवट राहते. फिलिंग वरून छान दिसतं आणि तळाशी मऊ असतं. पुढे कडेला डाग येतो, तुकडा उडतो, खाली पुन्हा कीड लागते. तेव्हा आपण बाँडिंगला (फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या थराला) दोष देतो, मटेरियलला देतो, पेशंटच्या ब्रशला देतो. लाइटकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण तो तर पेटत असतो.

एक्सप्लोररने (दात तपासायच्या टोकदार सळीने) ओरखडा पडत नाही. मग क्युअर झालंच की?

वरचं झालं. वरच्या थराला सगळ्यात जास्त उजेड मिळतो, त्यामुळे मरायला टेकलेला लाइटसुद्धा वरचा अर्धा मिलिमीटर टणक करून दाखवतो. पेशंटच्या तोंडात तळाला एक्सप्लोरर लावायला आपल्याला जागा नसते. प्रयोगशाळेत तळाची कठिणता मोजतात आणि ती वरच्या कठिणतेच्या ८० टक्क्यांच्या खाली असेल तर क्युअर अपुरा समजतात. खुर्चीवर ते शक्य नाही. म्हणून जो उजेड आत गेला तोच मोजायचा.

मिलिवॉट, चौरस सेंटिमीटर, जूल... यातलं नेमकं काय मोजायचं?

या गोंधळातच अर्धी फसवणूक होते, म्हणून इथे जरा थांबू.

नळाचं उदाहरण घ्या. नळातून मिनिटाला किती पाणी येतं, ती झाली लाइटची एकूण शक्ती, मिलिवॉटमध्ये. ते पाणी किती जागेवर पडतं त्यावर धारेचा जोर ठरतो, तो झाला दर चौरस सेंटिमीटरमागचा उजेड, म्हणजे मिलिवॉट प्रति चौरस सेंटिमीटर. आपण रोजच्या बोलण्यात ज्याला 'इंटेन्सिटी' म्हणतो ती हीच. यापुढे तिला नुसतं 'तेज' म्हणतो. आणि बादलीत शेवटी किती पाणी साठलं, ती झाली ऊर्जा: तेज गुणिले सेकंद, जूल प्रति चौरस सेंटिमीटर. ८०० तेजाचा लाइट २० सेकंद धरला तर १६ जूल. ४०० तेजाचा ४० सेकंद धरला तरी १६ जूलच.

आता गंमत बघा. समजा लाइटच्या आतून एकूण ४०० मिलिवॉट उजेड निघतो. टिपचा, म्हणजे उजेड बाहेर टाकणाऱ्या तोंडाचा, व्यास १० मिलिमीटर असेल तर क्षेत्रफळ ०.७८५ चौरस सेंटिमीटर आणि सरासरी तेज सुमारे ५१०. तोच उजेड ८ मिलिमीटरच्या टिपमधून काढला तर तेज सुमारे ८००. ६ मिलिमीटरच्या टिपमधून काढला तर १४०० च्या वर. आत एक कणही जास्त उजेड तयार झालेला नाही, नळाच्या तोंडावर बोट दाबलं एवढंच. पण खोक्यावर १४०० छापता येतं, आणि आपण ते वाचून खूश होतो. खालची पहिली दाढ मागून पुढे जवळपास ११ मिलिमीटर रुंद असते. ६ मिलिमीटरच्या टिपने ती एका वेळी झाकलीच जात नाही, दोन-तीन ठिकाणी लाइट धरावा लागतो, आणि ते कोणी करत नाही.

म्हणून लाइट विकत घेताना तीन गोष्टी विचाराव्यात: एकूण शक्ती किती, टिपचा उजेड देणारा व्यास किती, आणि तरंगलांबी कुठून कुठपर्यंत. विक्रेत्याला पहिल्याच प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर तिथेच काय ते समजावं.

कॉलेजात '४०० असलं की पुरे' असं शिकवलं होतं. अजून तसंच का?

तो आकडा एलईडीच्या आधीच्या, हॅलोजन बल्बच्या लाइटच्या काळातला आहे. दोन मिलिमीटरचा थर, ४० सेकंद, ४०० तेज, म्हणजे वर काढलेले १६ जूल. शिकवलेलं चूक नव्हतं, पण आपण ४०० लक्षात ठेवलं आणि ४० सेकंद विसरलो. आज दवाखान्यात १० सेकंदांचं बटण दाबून ४०० तेजाने क्युअर केलं तर हाती चार जूल येतात.

किती जूल पुरेत हे मटेरियल, शेड आणि थराची जाडी ठरवते. गडद आणि अपारदर्शक शेडला जास्त लागतं. कॉम्पोझिटच्या खोक्यात घडी घातलेला जो कागद असतो, जो आपण न वाचता टाकून देतो, त्यावर 'अमुक तेजाला इतके सेकंद' असं कोष्टक असतं. स्वतःच्या लाइटचं तेज माहीत असेल तरच त्या कोष्टकाला अर्थ आहे. मोजायचं ते त्यासाठी.

हातात मावणाऱ्या रेडिओमीटरच्या आत काय असतं?

फार काही नाही. वर एक छोटी खिडकी, खाली निळा भाग तेवढा आत सोडणारा फिल्टर, त्याखाली फोटोडायोड. उजेड पडला की डायोडमधून बारीकसा विद्युतप्रवाह निघतो, आतलं सर्किट त्याचा आकडा करून पडद्यावर दाखवतं. काही मीटरमध्ये खिडकीखाली उजेड पसरवणारी दुधी काचही असते.

एकच लाइट माझ्या मीटरवर ९०० आणि मित्राच्या मीटरवर ६५० दाखवतो. खरं कोणाचं?

कदाचित दोघांचंही नाही.

पहिली भानगड खिडकीची. मीटरची खिडकी टिपपेक्षा लहान असेल तर त्याला फक्त मधला भाग दिसतो. बहुतेक लाइट मध्ये प्रखर आणि कडेला मंद असतात, त्यामुळे मधल्या भागाचा आकडा फुगून येतो. खिडकी टिपपेक्षा मोठी असेल तर उलट होतं: मीटर पूर्ण खिडकी भरली आहे असं धरून चालतो आणि अरुंद टिपवर अन्याय करतो. यावर तोड म्हणून काही मीटरमध्ये टिपचा व्यास आपणच भरायचा असतो. पण व्यास मोजताना चूक केलीत तर ती चूक वाढूनच बाहेर येते. ८ मिलिमीटरची टिप ९ म्हणून भरली तर क्षेत्रफळ सव्वापट धरलं जातं.

दुसरी भानगड रंगाची. फोटोडायोड सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही. ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्याला वेगळा, ४६० च्या निळ्याला वेगळा. हॅलोजनच्या पसरट उजेडावर जुळवलेलं मीटर एलईडीच्या अरुंद पट्ट्यावर काहीही सांगू शकतं. तुमचं मीटर वडिलांच्या किंवा सरांच्या काळातलं असेल तर आधी हे तपासा.

तिसरी भानगड आपल्या हाताची. टिप मिलिमीटरभर सरकली, थोडी तिरकी झाली, की आकडा बदलतो.

मग खरा आकडा कुठे मिळतो?

प्रयोगशाळेत. तिथे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे थर्मोपाइल: काळ्या पृष्ठभागावर उजेड पाडायचा, तो किती तापला त्यावरून शक्ती काढायची. काळा पृष्ठभाग जांभळं आणि निळं असा भेद फारसा करत नाही, म्हणून तो विश्वासाचा. दुसरा म्हणजे इंटिग्रेटिंग स्फिअर: आतून पांढराशुभ्र लेप दिलेला पोकळ गोल. टिपमधून निघालेला सगळा उजेड त्यात घोळवला जातो आणि एका बारीक छिद्रातून स्पेक्ट्रोमीटरकडे जातो. त्यातून एकूण शक्ती तर कळतेच, शिवाय कोणत्या तरंगलांबीवर किती हेही कळतं. टिपच्या तोंडावर उजेड कुठे दाट आणि कुठे विरळ आहे हे पाहायला कॅमेऱ्यावर चालणारा बीम प्रोफायलर वापरतात. पहिल्यांदा असं चित्र पाहिलं तेव्हा मला आमच्या गावाकडच्या टॉर्चचा भिंतीवरचा डाग आठवला, मध्ये लख्ख आणि भोवती अंधूक कडी.

या लाइट्ससाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०६५०. त्यात एकूण शक्ती मोजून ती टिपच्या क्षेत्रफळाने भागतात, म्हणजे मिळते ती सरासरी. प्रखर आणि मंद भाग त्या सरासरीत झाकले जातात.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात रिचर्ड प्राइस यांनी याच विषयावर बरीच वर्षं काम केलं. तिथून पुढे आलेल्या 'मार्क' नावाच्या यंत्रणेत मॉडेलच्या दातातच सेन्सर बसवलेला असतो. शिकणाऱ्याने लाइट धरायचा आणि दातात प्रत्यक्ष किती जूल पोचले ते पडद्यावर पाहायचं. एकच लाइट, एकच वेळ, आणि हात बदलला की आकडा कुठल्या कुठे जातो. लाइट ठणठणीत असूनही दात उपाशी राहतो.

तर मग स्वस्तातलं मीटर घेऊ की नको?

घ्या. पण त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते आधी ठरवा.

असं मीटर म्हणजे घरातला जुना वजनकाटा. तो दोन किलो जास्त दाखवत असेल, पण रोज तेवढेच जास्त दाखवत असेल, तर वजन वाढलं की घटलं ते त्यावर नीट कळतं. माझ्या मीटरवर माझा लाइट नवा असताना ९२० दाखवत होता. तो आकडा खराच ९२० होता का, याची मला पर्वा नाही. आज ७०० दाखवला तर काहीतरी बिघडलंय, एवढं मला त्यातून हवं असतं.

त्यामुळे या मीटरवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइट्सची तुलना करू नका. त्यावरून खरेदीही ठरवू नका. एका लाइटची आजची तब्येत त्याच्याच कालच्या तब्येतीशी ताडून पाहा, तेही त्याच मीटरवर, त्याच टिपने.

मोजायची पद्धत काय?

बॅटरी पूर्ण चार्ज करा. टिप ओल्या गॉजने पुसून कोरडी करा. मीटरची खिडकी पुसा, तिथेही धूळ आणि बोटांचे ठसे असतात. टिप खिडकीवर सपाट टेकवा, मध्यभागी. हात हलत असेल तर कोपर टेबलावर ठेवा. नेहमीचा मोड निवडा. रॅम्प किंवा सॉफ्ट स्टार्ट मोड असेल तर सुरुवातीचा आकडा कमीच येणार. पहिली दोन सेकंदं सोडून द्या आणि मग वाचा. टिप उचलून पुन्हा ठेवा, असं तीनदा करा, आणि मधला आकडा लिहा.

त्यानंतर एक जादा मोजणी अवश्य करा: लागोपाठ आठ-दहा वेळा लाइट पेटवून लगेच पुन्हा मोजा. एलईडी तापला की उजेड कमी देतो. स्वस्त लाइटमध्ये उष्णता बाहेर काढायची सोय बेताची असते, त्यामुळे पहिल्या फिलिंगला ९०० देणारा लाइट चौथ्या फिलिंगला किती देतो ते पाहण्यासारखं असतं.

किती घटला की काळजी करायची?

मी पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा २० टक्के घट ही रेषा धरतो. ती माझी सोय आहे, शास्त्र नव्हे. २० टक्के घटला की आधी टिप पाहतो, मग बॅटरी, मग दुरुस्तीवाल्याला फोन.

टिप आधी पाहण्याचं कारण सांगतो. एका मित्राचा लाइट ३०० वर आला होता, नवा घ्यायची बोलणी सुरू होती. टिपच्या तोंडावर कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा चिकटून घट्ट झाला होता, तोही दाताच्याच रंगाचा, त्यामुळे दिसत नव्हता. प्लास्टिकच्या इन्स्ट्रुमेंटने तो अलगद सोडवला आणि आकडा ७५० च्या पुढे गेला. नव्या लाइटचे पैसे वाचले, आणि त्यातून आम्ही दोघं मिसळ खाऊन आलो. त्याआधीच्या काही महिन्यांत त्याने ज्यांना फिलिंग केली, त्यांचं काय, हा विषय मात्र मिसळ संपेपर्यंत कोणी काढला नाही.

लाइटच्या खोक्यावर २५०० किंवा ३००० लिहिलेलं असतं. खरं असतं का?

कधी असतं. पण ते टिपला टेकून, अगदी मध्यावर, टर्बो मोडमध्ये, ताज्या बॅटरीवर, आणि एक ते तीन सेकंदांपुरतं असतं. दातापाशी काय पोचतं ही वेगळीच गोष्ट.

तेज तिप्पट केलं तर वेळ एकतृतीयांश करता येतो ना?

कागदावर येतो. प्रत्यक्षात एका मर्यादेपर्यंतच. खूप तेज उजेड फार थोडा वेळ दिला की फ्री रॅडिकल एकदम ढीगभर तयार होतात आणि रेझिनचे रेणू जोडण्याऐवजी आपसातच संपून जातात. काही मटेरियल तीन सेकंदांच्या क्युअरसाठी मुद्दाम बनवलेली आहेत, ती तशी वापरा. बाकीच्यांना टर्बो मोडमध्ये तीन सेकंद देऊन पुढे जाणं मला मान्य नाही.

शिवाय उष्णता. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचं (दाताच्या आतल्या जिवंत गाभ्याचं) तापमान ५.५ अंश सेल्सिअसने वाढल्यावर १५ टक्के दातांतला पल्प मेला. तो आकडा आजच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू करता येत नाही, पण खोल कॅव्हिटीत (दातातल्या खड्ड्यात) बाँडिंग क्युअर करताना पल्प आणि उजेड यांच्यामध्ये डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या थराचा, पातळ पडदाच असतो हे विसरू नये. असिस्टंटला थ्री-वे सिरिंजने हवा मारायला सांगा. फुकटचा उपाय आहे.

टिपपासून कॅव्हिटीच्या तळापर्यंत किती उजेड वाया जातो?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत कमी विचारला जाणारा.

दाढेच्या बाजूला कोरलेल्या खोल खड्ड्याचं, म्हणजे बॉक्सचं, फिलिंग करताना टिप कस्पवर (दाढेच्या उंचवट्यावर) टेकते आणि बॉक्सचा तळ तिथून सहा ते आठ मिलिमीटर खोल असतो. मीटरवर आपण टिप टेकवून शून्य मिलिमीटरवर मोजतो. पुन्हा कीड नेमकी कुठे लागते? हिरडीजवळ, त्याच तळाशी.

आठ मिलिमीटरवर काही लाइट आपलं तेज बऱ्यापैकी टिकवतात, काहींचं निम्म्याच्याही खाली जातं. किरण टिपमधून सरळ निघतात की फाकत जातात यावर ते अवलंबून. निमुळत्या, म्हणजे टर्बो टिपमध्ये तोंडाशी तेज भरपूर मिळतं आणि अंतर वाढलं की ते झपाट्याने पडतं. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून घेतलेला लाइट तळाशी जुन्या साध्या लाइटपेक्षा मागे पडू शकतो.

हे घरच्या घरी पाहता येतं. आठ मिलिमीटर उंचीची, मीटरच्या खिडकीएवढ्या तोंडाची नळीची कडी घ्या, आतून काळा मॅट रंग द्या. रंग दिला नाही तर चकचकीत भिंतीवरून परतलेला उजेडही मोजला जातो. कडी मीटरवर ठेवून तिच्यावर टिप ठेवा आणि वाचा. मग कडी काढून टेकवून वाचा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हे प्रमाण म्हणजे तुमच्या लाइटचा स्वभाव. माझ्याकडच्या दोन लाइटमध्ये शून्यावर फारसा फरक नव्हता. कडी ठेवल्यावर एकाचं प्रमाण दुसऱ्याच्या दीडपट आलं, आणि जास्त टिकणारा निघाला तो कमी किमतीचा. तेव्हापासून खोल बॉक्सच्या पहिल्या थराला मी ठरलेल्या वेळेच्या दुप्पट वेळ देतो.

अंतराइतकाच घात तिरकेपणा करतो. मागच्या दाढेवर तोंड पुरतं उघडत नाही, टिप तिरकी होते, आणि कॅव्हिटीची एक भिंत स्वतःच्याच सावलीत राहते. टिपची मान बुटकी आणि सपाट असेल तर मागे नीट बसते. खरेदी करताना खोलीतल्या सहकाऱ्याच्या शेवटच्या दाढेवर टिप धरून पाहा. विक्रेता हसेल, हसू द्या.

मोबाइलमधल्या लक्स मीटरच्या अ‍ॅपने काम भागेल का?

नाही. लक्स हे माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो त्याचं माप आहे. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला डोळ्याचा प्रतिसाद १ धरला तर ४७० च्या निळ्याला तो सुमारे ०.०९ येतो आणि ४१० च्या जांभळ्याला हजारात एकाच्या आसपास. आपल्याला हवा तोच उजेड या मापात जवळपास मोजला जात नाही. वर मोबाइलचा सेन्सर खोलीच्या उजेडासाठी बनवलेला, क्युअरिंग लाइट समोर आला की तो आपल्या कमाल आकड्यावर जाऊन बसतो.

मीटर आकडा बरोबर दाखवतो, तरी ब्लीच शेडचं कॉम्पोझिट नीट क्युअर होत नाही. असं का?

रंगाचा प्रश्न आहे. कॅम्फरक्विनोन स्वतः पिवळं असल्यामुळे अतिशुभ्र शेडमध्ये ते कमी करून टीपीओसारखं दुसरं द्रव्य घालतात. टीपीओ ४२० नॅनोमीटरच्या अलीकडचा जांभळा उजेड खातं, निळ्याचा त्याला उपयोग नाही. फक्त निळी चिप असलेला एलईडी त्याच्या वाट्याला काहीच देत नाही. मीटर मात्र निळ्याचा आकडा आनंदाने १००० दाखवत राहतं.

निळ्या आणि जांभळ्या दोन्ही चिप असलेले लाइट यासाठी आले. त्यांची वेगळी तऱ्हा: चिप शेजारीशेजारी असल्यामुळे टिपच्या एका भागातून जांभळा आणि दुसऱ्या भागातून निळा उजेड जास्त येऊ शकतो. लाइट धरताना टिप किंचित फिरवत राहिलं तर ही विषमता थोडी भरून निघते. साधं मीटर यातलं काही सांगत नाही.

स्लीव्ह (टिपवर चढवायचं प्लास्टिकचं आवरण) घालून मोजायचं की काढून?

दोन्ही. पेशंटवर जे घालता ते घालूनच लाइट वापरला जातो, तेव्हा खरा आकडा स्लीव्हसकटचा. पारदर्शक, ताणून बसवलेल्या स्लीव्हने थोडंच नुकसान होतं. सुरकुत्या, शिवण किंवा दुहेरी घडी टिपच्या तोंडावर आली की बरंच होतं. मित्राच्या दवाखान्यात किराणा दुकानातली धुरकट पिशवी कापून वापरलेली मी पाहिली आहे. मोजल्यावर ती त्याच दिवशी बंद झाली.

फायबरची टिप ऑटोक्लेव्ह करत असाल तर पाण्यातल्या क्षारांचा पांढुरका थर तोंडावर साचतो. ऑटोक्लेव्हमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नको. टिप उजेडाकडे धरून दुसऱ्या तोंडातून पाहा. तुटलेले तंतू काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

बॅटरी उतरली की तेज कमी होतं का?

चांगल्या लाइटमध्ये नाही. त्यातलं सर्किट तेज कायम ठेवतं आणि बॅटरी फारच खाली गेली की लाइट पेटायलाच नकार देतं. स्वस्त लाइटमध्ये तेज बॅटरीबरोबर हळूहळू उतरत जातं. सकाळी आणि संध्याकाळी मोजून पाहा, लगेच कळेल तुमचा कोणत्या जातीचा आहे.

हॅलोजनच्या दिवसांत हा त्रास थेट विजेचा होता. बल्बचा उजेड व्होल्टेजवर हलायचा. महाराष्ट्रात लोडशेडिंग ऐन भरात असताना दुपारी कमी दाबाने येणारी वीज, नाहीतर थकलेला इन्व्हर्टर, त्यावर आम्ही फिलिंग केलेली आहेत. (वीज जाते तेव्हा 'लाइट गेली' आणि हा बिघडतो तेव्हा 'लाइट गेला', एवढा लिंगभेद दवाखान्यात सगळे न शिकवता पाळतात.) शिवाय बल्ब काळवंडायचा, फिल्टर आणि आरसा झिजायचा. १९९३ साली शुजी नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी आला, पुढच्या दशकात तो आमच्या हातात पोचला आणि ही कटकट संपली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल निळ्या एलईडीसाठी दिलं गेलं तेव्हा मला घरातल्या बल्बच्या आधी क्युअरिंग लाइटच आठवला.

मीटरच नाही. दुसरी काही चाचणी?

आहे, आणि ती लाइटबरोबर मटेरियलचीही परीक्षा घेते. आयएसओ ४०४९ मधल्या खरवडण्याच्या चाचणीचं हे घरगुती रूप.

चार मिलिमीटर आतल्या व्यासाची, सहा मिलिमीटर उंचीची स्टीलची नळी करून घ्या. खाली मायलर स्ट्रिप (पारदर्शक प्लास्टिकची पट्टी), नळीत कॉम्पोझिट दाबून भरा, वर दुसरी स्ट्रिप. वरून नेहमीच्या वेळेइतका लाइट द्या. लगेच नळीतून गोळा बाहेर काढा आणि खालच्या बाजूचं मऊ मटेरियल प्लास्टिक स्पॅच्युलाने खरवडून टाका. उरलेल्या टणक तुकड्याची लांबी मोजून तिचं निम्मं करा. चार मिलिमीटर उरला तर खोली दोन मिलिमीटर धरायची. निम्मं करण्याचं कारण असं की खरवडण्याला टिकलेला भाग अजून पूर्ण क्युअर झालेला असतोच असं नाही. बल्क-फिलसाठी (एकाच जाड थरात भरायच्या कॉम्पोझिटसाठी) नळी दहा मिलिमीटर लागते, कारण चार मिलिमीटर खोलीचा दावा तपासायला आठ मिलिमीटर टणक तुकडा हवा.

मटेरियल मुदत संपत आलेलं वापरलंत तरी चालेल, पण दर वेळी तेच मटेरियल आणि तीच शेड हवी. नाहीतर तुलना कशाशी करणार?

क्राउन (दातावरची टोपी) किंवा व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूचा पातळ पापुद्रा) यांच्याखालचं सिमेंट क्युअर करताना काय?

सिरॅमिक उजेड खातं, जाड आणि अपारदर्शक असेल तर फारच. क्राउनच्याच जाडीचा तुकडा मीटरच्या खिडकीवर ठेवून लाइट द्या, उरलेला आकडा पाहून धक्का बसेल. झिर्कोनियाखाली केवळ लाइट-क्युअर सिमेंट वापरू नये, उजेडाशिवायही घट्ट होणारं ड्युअल-क्युअर घ्यावं. पातळ व्हिनिअरला लाइट-क्युअर चालतं, वेळ वाढवून.

मीटरलाही कॅलिब्रेशन लागतं का?

लागतं. फिल्टर आणि डायोड जुने होतात. देशातली मोजमापाची मानकं दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. एखाद्या प्रयोगशाळेकडून कॅलिब्रेशन करून घेणार असाल तर तिला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता आहे का आणि ती मान्यता निळ्या तरंगलांबीतल्या प्रकाशीय शक्तीसाठी आहे का, हे विचारा. नुसतं 'सर्टिफिकेट देतो' पुरेसं नाही. ते जमत नसेल तर एक जुना, चांगला चालणारा लाइट कपाटात राखून ठेवा आणि वर्षातून दोनदा फक्त मीटर तपासायला बाहेर काढा. दोन्ही लाइट एकदम घटलेले दिसले तर संशय मीटरवर घ्यायचा.

डोळ्यांना किती धोका?

दृष्टिपटलाला निळ्याचा धोका ४४० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे आपल्या लाइटच्या अगदी शेजारी. नारिंगी चष्मा लावा, असिस्टंटलाही द्या, कारण दिवसभरात तीच जास्त वेळ पाहत असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी विशेष जपावं. मान फिरवून क्युअर करण्याची सवय मात्र सोडा. न बघता धरलेली टिप सरकते आणि शेजारचा दात क्युअर होत राहतो. चष्मा लावायचा तो बघता यावं म्हणून.

पेशंट म्हणून मी डॉक्टरांना याबद्दल विचारावं का?

जरूर. 'डॉक्टर, हा निळा लाइट तुम्ही कधी मोजता?' एवढंच विचारा. उत्तरादाखल ड्रॉवरमधून एक मळकी वही निघाली तर निश्चिंत आ करा. आणि लाइट चालू असताना जीभ हलवू नका, टिप ढळते.

वहीत काय लिहायचं?

तारीख, लाइट कोणता, टिप कोणती, आकडा, स्लीव्हसकट आकडा, आणि मोजणाऱ्याचं नाव. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असिस्टंट मोजते. पहिल्या पानावर नव्या लाइटचा पहिल्या दिवसाचा आकडा लाल शाईने लिहिलेला आहे. गेल्या सोमवारी ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, दोन नंबरच्या खुर्चीवरचा १८ टक्के घटलाय, पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं की आत्ताच टिप बदलायची?" आम्ही टिप बदलली.